उजळणे आणि पुसणे

आजीचं घंगाळ मी भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात नेलं ते निव्वळ आळसापायी. दिवाळी तोंडावर आलेली. चिंच भिजत घालायची, बाल्कनीत फतकल मारून तासभर घासत बसायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. शिवाय भाईंदरला राहून भांडी उजळायला दुसरीकडे जायचं म्हणजे नाशकात राहून द्राक्षं डोंबिवलीहून मागवण्यासारखं. इथल्या औद्योगिक वसाहतींत स्टीलच्या भांड्यांचे गाळे ओळीने लागलेले आहेत. एकात पत्रा कापतात, दुसऱ्यात दाबून डबे-पातेली काढतात, तिसऱ्यात नुसतं बफिंग. मी तिसऱ्यात शिरलो.

तोंडाला फडकं बांधलेल्या कारागिराने घंगाळ पोटाशी घट्ट धरलं आणि फिरत्या कापडी चाकाला टेकवलं. मधूनच तो चाकाला मसाल्याच्या वडीचा घास भरवत होता. पितळेवरचं इतक्या वर्षांचं काळं, कानाकोपऱ्यातलं हिरवट, डोळ्यांदेखत सोललं गेलं. दहा-पंधरा मिनिटांत घंगाळात माझं तोंड दिसायला लागलं. "देखो साहब, एकदम नया." खरंच नवं. इतकं नवं की काठावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली ओळ नाहीशी झाली होती. वडिलांच्या मुंजीत आजीच्या माहेरून आलेला आहेर होता तो. देणाऱ्याचं नाव, "मुंजीप्रीत्यर्थ" हा शब्द आणि साल असं सगळं त्या ओळीत होतं. त्या माणसाची काही चूक नाही. उजळून द्या म्हटलं, त्याने उजळून दिलं.

घरी येऊन मी म्हणालो, "नाव पुसलं गेलं." आणि तो शब्द तिथेच अडकून बसला.

मराठीत पुसणे हे क्रियापद दोनदा जन्माला आलं आहे. एक पुसणे म्हणजे फडक्याने टिपून काढणे. ते संस्कृत 'प्रोञ्छ्'पासून प्राकृतातून घासत घासत आपल्याकडे आलं. दुसरं पुसणे म्हणजे विचारणे, 'पृच्छ्'चं लेकरू. वाट पुसायची, ख्यालीखुशाली पुसायची, "त्याला कोण पुसतो" म्हणायचं, ते हे. संस्कृतात दोघांची तोंडं वेगळी होती, मराठीत येईतो दोघं इतके सारखे झाले की जुळे वाटावेत. बोलताना आपला घोळ होत नाही, कारण डोळे पुसायचे की वाट पुसायची हे ज्याचं त्याला कळतं. माझा मात्र त्या दिवशी घोळ झाला. मी न पुसता पुसायला दिलं.

जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करणारे लोक नेमकं हेच करत नाहीत. चित्राच्या एखाद्या कोपऱ्यात, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथे, नखाएवढा चौकोन घेतात. त्यावर आधी नुसतं पाणी, मग सौम्य द्रावण, मग जरा जहाल, असं करत बघतात. रंग सुटतो का? थर फुगतो का? दिवसदिवस हे पुसणं चालतं, आणि मग खरं पुसणं सुरू होतं. त्यांचं हत्यार म्हणजे काडीला गुंडाळलेला कापसाचा बोळा. तो चित्रावर घासायचा नाही, अलगद लोळवत न्यायचा. थोडक्यात, हे लोक दिवसभर चित्रावर बोळा फिरवतात! मराठीत 'बोळा फिरवणे' म्हणजे केल्या कामाचा सत्यानाश करणे. पाटीवरचं लिहिलेलं ओल्या बोळ्याने एका फटक्यात नाहीसं व्हायचं, तिथून हा वाक्प्रचार आलेला दिसतो. जपण्याचं आणि नासण्याचं हत्यार एकच, हे आपल्या भाषेने हसत हसत नोंदवून ठेवलं आहे.

आता उजळणे. हा शब्द मला पुसण्यापेक्षा जास्त आवडतो, कारण त्याच्या पोटात आग आहे. उद् अधिक ज्वल्, वर उफाळून जळणे, त्यावरून उज्ज्वल, त्यावरून उजळ आणि उजळणे. आपण दिवा उजळतो, भांडी उजळतो, भाग्य उजळतं. पाढ्यांची उजळणी होते म्हणजे स्मरणावर चढलेली पुटं काढली जातात. जुन्या ओळखीला उजाळा मिळतो. आणि ज्याच्यावर डाग नाही तो उजळ माथ्याने फिरतो. उजेड करणे आणि मळ काढणे या दोन क्रिया मराठीला एकच वाटतात, हे यातलं खरं नवल.

एकटा उजळणेच असा नाही. स्वच्छ घ्या. सु अधिक अच्छ. संस्कृतात अच्छ म्हणजे आरपार दिसेल असं, नितळ. म्हणजे स्वच्छ वस्तू ती नव्हे जिच्यावर धूळ नाही, तर ती जिच्यातून उजेड जातो. शुभ्र येतो शुभ् धातूवरून, झळकणे. शुचि येतो शुच् धातूवरून, जळणे, तळपणे. त्याच धातूवरून शोकही येतो, कारण तोही आतून जाळतो. अग्नीचं एक नाव पावक, म्हणजे शुद्ध करणारा. आणि लख्ख! लख्ख ऊन पडतं, लख्ख उजेड पडतो आणि भांडीही लख्ख घासली जातात. सोनं तर आपण तावून सुलाखूनच घेतो. एवढं सगळं ज्या भाषेत आधीच साठवलेलं आहे, त्या भाषेला कुणी सांगितलं की युरोपात प्रकाशाचा मारा करून पुतळ्यांवरची काजळी जाळून काढतात, तर तिने दचकू नये. "मग, उजळणे म्हणजे दुसरं काय?" एवढंच तिने विचारावं.

ती गोष्ट घडली १९७२ साली व्हेनिसमध्ये. जॉन अ‍ॅस्मस नावाचा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ तिथे गेला होता तो पुतळे साफ करायला नव्हेच. १९६६च्या पुरानंतर व्हेनिसच्या ठेव्याची काळजी जगाला लागली होती. शहरातली शिल्पं झिजून जाण्याआधी लेझरने त्यांच्या त्रिमितीय प्रतिमा, म्हणजे होलोग्राम, काढून ठेवाव्यात असा बेत होता. तिथे काळवंडलेल्या संगमरवरावर माणकाच्या लेझरचा झोत टाकून पाहिला, आणि झोत पडला तेवढा काळा थर उडून खाली पांढरा दगड दिसला. फोटो काढायला गेलेल्या माणसाच्या हाती साबण लागला, म्हणा ना.

हे का घडतं ते सांगायला फार भौतिकशास्त्र लागत नाही. काळ्या कपड्यात ऊन जास्त लागतं, पांढऱ्यात कमी, एवढं ठाऊक असलं की पुरे. कोळसा आणि तेल जाळणाऱ्या शहरात हवेतला गंधक संगमरवराच्या पृष्ठभागाचं जिप्सम करून टाकतो आणि त्यात काजळी अडकून काळं कवच धरतं. लेझरचं स्पंदन सेकंदाच्या काही अब्जांश भागाएवढंच टिकतं. तेवढ्यात काळं कवच सगळा प्रकाश गिळतं, तापतं आणि वाफ होऊन फुटतं. उष्णता आत दगडापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. पुढचं स्पंदन खालच्या पांढऱ्या दगडावर पडतं, तो बराचसा प्रकाश परतवून लावतो, आणि काम आपोआप थांबतं. बफच्या चाकाला हे कळत नाही. त्याला पितळ आणि पितळेवरचं अक्षर दोन्ही सारखंच.

पण माझा सगळ्यात आवडता तपशील आवाजाचा आहे. प्रत्येक स्पंदनाबरोबर कवच फुटल्याचा 'टक्' असा आवाज होतो. थर जाड असेल तर टक् ठसठशीत, थर संपत आला की आवाज मवाळ होत जातो. काम करणारा माणूस डोळ्यांवर गडद चष्मा लावून कानाने साफसफाई करतो.

म्हणूनच 'लेझर मारणे' हा आपला रस्त्यावरचा प्रयोग मला चपखल वाटतो. लेझर 'वापरणे' किंवा 'सोडणे' शिष्टपणाने म्हणता येईल, पण डोळ्याच्या दवाखान्याबाहेर बसलेली बाई म्हणते, "डॉक्टरांनी लेझर मारलं." मराठीत प्रकाश मारतातच. "जरा बॅटरी मार इकडे." रंग मारतात, पॉलिश मारतात, फडकं मारतात, झाडू मारतात. उजेड आणि सफाई, दोन्हीकडे क्रियापद तेच. मारणे या शब्दात जो हलका धक्का आहे तो व्हेनिसच्या दगडावर अक्षरशः बसत होता. मिरवणुकीत गाड्यांवरून लेझर मारतात तेव्हा तो नको तिथे, बघणाऱ्याच्या डोळ्यात बसतो, ही वेगळी तक्रार.

खुद्द लेझर हा शब्द म्हणजे शब्दच नव्हे, पाच इंग्रजी आद्याक्षरांची मोट आहे. आपल्या परिभाषेत उलगडून सांगायची तर 'प्रारणाच्या उद्दीपित उत्सर्जनाने होणारं प्रकाशाचं विवर्धन'. एवढं बोलेपर्यंत पुतळा साफ होऊन जाईल. गॉर्डन गूल्ड या संशोधकाने १९५७ साली हे नाव आपल्या वहीत लिहिलं आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात जाऊन वहीवर नोटरीचा शिक्का मारून घेतला. पहिला चालता लेझर थिओडोर मेमनने १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात पेटवला. छापील मराठीत कुठे लेसर, कुठे लेझर. मी 'झ' लिहितो, कारण बोलताना तोच येतो आणि लेझीमची सवय झालेल्या जिभेला तोच सोपा.

मराठी प्रतिशब्द कुणाला हवाच असेल तर तो किरणाच्या वाटेने यावा लागेल, आणि ही वाट मोठी गमतीची आहे. किरण म्हणजे प्रकाशाची रेघ हे आज शाळकरी मूलही सांगेल. पण मोनियर विल्यम्सच्या संस्कृत कोशात किरण उघडा. पहिलाच अर्थ आहे धूळ, अगदी बारीक धूळ, आणि तो ऋग्वेदातला. प्रकाशाची शलाका नंतर. धातू आहे कॄ, म्हणजे विखुरणे, उधळणे. जे उधळलं जातं ते किरण. मग ती वाऱ्याने उधळलेली धूळ असो की सूर्याने उधळलेला उजेड.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दुपारची माजघरातली कौलं आठवली. फुटक्या कौलातून कवडसा उतरायचा आणि त्या कवडशात धूळ नाचायची. धूळ दिसायची ती उजेडामुळे आणि उजेडाची रेघ दिसायची ती धुळीमुळे. दोघांपैकी एकाला वेगळं नाव द्यायचं कसं? मनुस्मृतीत तर जाळीतून आलेल्या उन्हात दिसणाऱ्या त्या कणाला त्रसरेणू म्हटलंय आणि वजनमापांची सुरुवात त्याच्यापासून केली आहे. आता लेझरच्या साफसफाईकडे या नजरेने बघा. दगडावर बसलेलाही किरण, त्याला उडवायला आलेलाही किरण. वेदातला किरण आजच्या किरणाने झाडायचा.

कॄ धातूचा गोतावळा मोठा आहे. आकाश निळं का दिसतं याचं उत्तर देताना विज्ञानाच्या पुस्तकात येणारं विकिरण त्यातलंच. प्रकीर्ण, संकीर्ण त्यातलेच. माती वर उधळणे म्हणजे उत् अधिक कॄ, त्यातून आपलं उकरणे आलं. जुन्या वस्तू शोधणाऱ्यांचं पहिलं काम उकरण्याचं आणि शेवटचं किरणांचं, ही एकाच घराण्याची दोन टोकं झाली. आणि ज्या गावात बसून मी हे लिहितो त्या गावालाही या धातूचा स्पर्श आहे. भाईंदरला पोचताना गाडीच्या खिडकीतून मिठागरं दिसतात. मीठ अधिक आगर. हे आगर म्हणजे संस्कृत आकर, खाण, साठा, जिथे विपुल पसरून पडलेलं असतं ती जागा. आ अधिक कॄ. आगरात राबणारे ते आगरी. मिठागरात उन्हाचे किरण पाण्यावर पडतात आणि मागे पांढरे कण उरतात. इथे एका धातूने किती पाळ्या केल्या ते मोजत बसायला मजा येते.

मीठ आलं म्हणजे लोणा आला. खाडीच्या काठच्या कुठल्याही जुन्या भिंतीला विचारा. घोडबंदरचा किल्ला मीरा-भाईंदरच्याच हद्दीत आहे. अरबी घोड्यांच्या व्यापाराचं बंदर म्हणून घोडबंदर, बांधणी पोर्तुगिजांची, आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात तो मराठ्यांकडे आला. अशा खाऱ्या वाऱ्यातल्या बांधकामात दगडा-चुन्याच्या बारीक छिद्रांतून खारं पाणी वर चढतं, सुकतं, आणि मिठाचे स्फटिक आतून ढकलत दगडाचा पापुद्रा सोडवतात. भिंतीवर पांढरी बुरशीसारखी फुलोरी दिसते. तिला आपण म्हणतो 'लोणा लागला'. लवण, लोण, लोणा. लोणचंही त्याच घरचं. लोणच्यात मीठ टिकवतं, भिंतीत मीठ खातं.

इथे लेझरची विद्या चालत नाही. रोग कातडीवर नाही, रक्तात आहे. शिवाय घाण काळी आणि वस्तू गोरी असेल तेव्हाच प्रकाशाला निवड सोपी जाते. आपल्या सह्याद्रीचा दगड मुळात काळा. काजळीला गिळायचा तो उजेड कातळही गिळतो. लोण्यावर इलाज आहे तो कागदाच्या लगद्याचा. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेला लगदा भिंतीवर थापायचा, तो सुकताना आतलं मीठ ओढून घेतो, मग काढून टाकायचा आणि पुन्हा थापायचा. इंग्रजीत या लगद्याला जो शब्द आहे तोच आपल्या आज्यांनी 'पोटीस' म्हणून केव्हाच घरात घेतला होता. गळवाला अळशीचं पोटीस, किल्ल्याला कागदाचं पोटीस. ठणका ओढून घ्यायचा, एवढाच दोघांचा धर्म.

पांढऱ्या दगडाची गोष्ट वेगळी, आणि तिथे बफिंगवाल्याचे थोरले भाऊ भेटतात. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. १९३७-३८ साली त्यांच्यासाठी नवं दालन बांधलं जात होतं. दालनाचा खर्च करणाऱ्या लॉर्ड डुव्हीनला ग्रीक शिल्पं कशी पांढरीशुभ्र हवीत असं वाटत होतं. मग कामगारांनी तांब्याच्या हत्यारांनी ती खरवडली. शतकानुशतकं त्यांच्यावर धरलेली मधाच्या रंगाची साय त्यात गेली. ती मळ नव्हती, ते दगडाचं वय होतं. बोभाटा झाला आणि दाबलाही गेला. उलट अथेन्समध्ये मागे उरलेल्या शिल्पांसाठी क्रीट बेटावरच्या संशोधकांनी खास यंत्र तयार केलं. नुसता अवरक्त लेझर मारला तर संगमरवर पिवळट दिसतो अशी अडचण होती. म्हणून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त आणि ३५५ नॅनोमीटरचा अतिनील असे दोन झोत एकाच वेळी, ठरलेल्या प्रमाणात सोडले. २०१०नंतरच्या काही वर्षांत त्या प्रसिद्ध स्त्री-स्तंभांची, कॅरिअ‍ॅटिडांची, सफाई संग्रहालयातच पाहुण्यांच्या समोर चालली होती. बायका उभ्या, पडद्याआड माणूस टक् टक् करतोय, आणि लोक रांगेत.

१०६४ हा आकडा मी मुद्दाम दिला. बफिंगच्या गाळ्यापासून चार पावलांवर दुसरा गाळा आहे, तिथे भांड्यांवर नावं घालतात. पूर्वी भांड्याच्या दुकानात एक म्हातारा छिन्नी-हातोडी घेऊन बसायचा, अक्षराला इतके पैसे. आता तिथे टेबलाएवढं यंत्र आहे. संगणकावर नाव टाइप करायचं, तांबडा ठिपका भांड्यावर नावाची हद्द आखून दाखवतो, मग एक बारीक चरचर आणि काळं, रेखीव नाव तयार. अशी यंत्रं चालतात ती बहुधा १०६४ नॅनोमीटरवरच. अथेन्सच्या त्या दगडी बायकांचं तोंड धुणारा प्रकाश भाईंदरच्या डब्यावर "सप्रेम भेट" उमटवतो. तिथे काळं काढतो, इथे स्टीलला नेमकं तापवून त्यावर ऑक्साइडची काळी साय धरवतो. जोर आणि वेळ किती, एवढाच फरक. त्या गाळ्यातल्या मुलाने माझ्या हातातलं लखलखीत घंगाळ पाहिलं, माझं रडगाणं ऐकलं आणि म्हणाला, "काका, द्या, तेच नाव परत टाकून देतो. फॉन्ट कुठला पाहिजे?" मी घंगाळ घेऊन निघालो. तो मदतच करत होता, पण आजीच्या माहेरच्या आहेरावर फॉन्ट?

काढणं आणि घालणं यांत आपला कल पहिल्यापासून घालण्याकडे. आपल्याकडे जतनाचा जुना शब्द लेप. वज्रलेपाच्या कृती वराहमिहिराच्या बृहत्संहितेत एका स्वतंत्र अध्यायात आहेत, आणि आजही देवमूर्ती झिजली की पहिली मागणी वज्रलेपाचीच होते. देवाला शेंदूर चढतो, थरावर थर, पिढ्यान् पिढ्या, आणि आतले नाकडोळे कुणी पाहिलेले नसतात. वणीच्या सप्तशृंगी देवीवरचं शेंदराचं जाड कवच २०२२ साली उतरवलं तेव्हा लोक म्हणाले, देवीचं मूळ रूप प्रकटलं. मला त्यात प्रकटलं हे क्रियापद फार आवडलं. काढलं असं कुणी म्हणालं नाही. मुंबईत फ्लोरा फाउंटनला आपण देव मानत नव्हतो, तरी त्या पोर्टलंडच्या दगडावर पांढऱ्या ऑइल पेंटचे हात मारले होतेच. २०१९ साली कारंजं पुन्हा सुरू झालं त्याआधी ते थर सोलावे लागले. जीर्णोद्धार म्हणजे जीर्णाला वर काढणे. आपल्याकडे त्याचा अर्थ होतो फरशी, ग्रॅनाइट आणि वरून एक चकचकीत हात. जतन हा त्यामानाने सालस शब्द आहे. तो 'यत्न'चा तद्भव. नुसता प्रयत्न. यशाची हमी त्यात नाही.

शेंदरावर मात्र लेझर मारू नये. शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड. लेझरच्या झोताने तो काळा पडतो. हिंगूळही काळवंडतो आणि शिशाचा सफेदाही. दगडाच्या बाबतीत जो उजेड आपोआप थांबतो तो रंगाच्या बाबतीत थांबत नाही. चित्रांसाठी म्हणून वेगळे, त्वचेच्या डॉक्टरांकडे असतात त्या जातीचे लेझर लागतात. एक तर अतिनील, जो वार्निशचा केसाहून बारीक थर तेवढा उडवतो. नाही तर २.९४ मायक्रॉनचा, ज्याची ऊर्जा थरातला पाण्याचा अंश वरच्यावर पिऊन टाकतो.

आणि वार्निशवरून अजिंठा. हैदराबादच्या निजामाने १९२०मध्ये लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याची चित्रं सावरायला बोलावलं. त्यांनी सुटलेले पोपडे परत चिकटवले, धुराचे थर उतरवले, ते काम मोलाचं. पण वरून शेलॅकचं वार्निश दिलं. ते पुढे पिवळं, मग तपकिरी होत गेलं आणि चित्रांवर मेणचट पडदा आला. आता शेलॅक म्हणजे काय? लाख. संस्कृत लाक्षा, आपली लाख, जी बांगड्यांत असते आणि टपालाच्या पिशवीच्या सिलावर असते. ती पोर्तुगिजांच्या जिभेवर चढून लाक्रे झाली, युरोपात पोचून लॅकर झाली, चित्रकारांच्या पेटीत तांबड्या रंगाला 'लेक' म्हणतात ती तीच. आपल्याच पळसा-बोरींच्या फांद्यांवरच्या किड्यांचा चीक परदेश फिरून, नाव बदलून, तज्ज्ञ होऊन वेरूळ-अजिंठ्याच्या मुलखात परतला आणि बोधिसत्त्वावर बसला. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनी तो थर वर्षानुवर्षं द्रावणांनी आणि कापसाने, बोटभर बोटभर जागेतून, उतरवला. तिथेही बोळाच. फिरवायचा तो न फिरवल्यासारखा.

उजेड तसा चित्रांचा वैरीही आहे, हे राहून गेलं. कागदावरची, कापडावरची चित्रं संग्रहालयात पन्नास लक्सच्या मिणमिणत्या उजेडात ठेवतात ते कंजूषपणाने नव्हे. रंग विटतो, उतरतो, उडतो. पण डाग पडलेला कागद पाण्यात ठेवून त्यावर मोजका उजेड पाडत तो उजळवणारेही लोक आहेत. आपण लोणच्याला, गाद्यांना, पोथ्यांना 'ऊन दाखवतो'. उन्हात टाकत नाही, दाखवतो. किती वेळ, किती तिरपं, हे त्या दाखवण्यात आलं.

घंगाळ दिवाळीभर बैठकीत फुलं घालून ठेवलं होतं. येणारा-जाणारा म्हणायचा, वा, नवीन घेतलंत? भाऊबीजेच्या रात्री वीज गेली. लेक म्हणाली, "बाबा, मोबाईलची बॅटरी मार ना, पणती सापडत नाहीये." मी झोत टाकला तो पणतीवर न पडता घंगाळाच्या काठावर आडवा पडला. अगदी आडवा, पितळेला घासून जाणारा. आणि काठावर सावल्यांचे ठिपके उठले. पुसट, अर्धेमुर्धे, पण ओळीत. हातोडीने दाबलेलं पितळ चाकाने वरून सपाट केलं होतं, दाब पुरता बुजला नव्हता. देणाऱ्याच्या नावातला एक काना लागला. मग "प्रीत्यर्थ". मग १९५, आणि पुढचा आकडा उजेड कितीही तिरपा केला तरी लागेना. लेक म्हणाली एक असावा, मला सात वाटला.